सुमनकाकूंचा पंधरवडा

सगळं जग जिथं ज्या दिवशी जातं, तिथं त्या दिवशी सुमनकाकू कधीच जायच्या नाहीत. पिंपळगावच्या रेणुकादेवीला नवरात्रात आख्खा जिल्हा लोटायचा. काकू मात्र एखाद्या साध्या बुधवारी, भरदुपारी जाऊन यायच्या. "नवरात्रात देवीच्या मागं किती लोक," त्या म्हणायच्या. "आपलं ऐकायला तिला फुरसत पाहिजे का न्हाई?"

जालन्यात आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. मला आधी हा त्यांचा विक्षिप्तपणा वाटायचा. पुढं कळलं, ही सवय त्यांना गौरीमुळे लागली होती. गौरी त्यांची नात. ती स्वमग्न होती. चार माणसं एकदम बोलायला लागली की दोन्ही कान गच्च दाबून धरायची. तिला नेता यावं म्हणून काकूंनी दवाखान्याची, किराणा दुकानाची, बागेची, सगळ्यांची रिकामी वेळ शोधून ठेवली होती.

एका मे महिन्यात काकूंचा मुलगा महेश सगळ्यांना पुण्याकडच्या एका मोठ्या थीम पार्कला घेऊन गेला. फाटकाशीच रांग, वरून ऊन, कर्ण्यावर गाणी. गौरी तिथंच फरशीवर बसली आणि किंचाळायला लागली. लोक बघत उभे राहिले. कुणीतरी बोललंही, "पोरीला जरा वळण लावा." महेशनं तिला उचलून गाडीत घातलं आणि आत न जाताच सगळे परत आले. "आता हा विषय बंद," तो म्हणाला.

पण गौरीच्या डोक्यात तो बंद झाला नव्हता. फाटकाच्या जाळीतून तिनं गोल फिरणारे लाकडी घोडे पाहिले होते. आईच्या मोबाईलमध्ये ती रोज तेच घोडे बघत बसायची.

श्रावणात एकदा मी काकूंकडे गेले, तेव्हा त्या फोन स्पीकरवर टाकून पार्कवाल्यांशी बोलत होत्या. पलीकडची मुलगी सवलतीच सांगत सुटली होती. "ताई, सवलत बिलकुल नको," काकू म्हणाल्या. "तुमच्याकडं सगळ्यात कमी लोक कवा येतेत, तेवढं सांगा." मुलीनं पलीकडं कुणाला तरी विचारलं. मग म्हणाली, "पितृपक्षात, मॅडम. त्यातही आठवड्याच्या मधल्या वारी तर कुणीच नसतं."

काकूंनी फोन ठेवला. "ऐकलंस का वर्षा? पाऊस ओसरलेला, ऊन कमी, शाळा चालू. याच्यापेक्षा चांगला मोसम कोणता?"

घरात वादळ उठलं. काकूंच्या थोरल्या जाऊबाई घनसावंगीहून आल्या आणि ऐकून थक्क झाल्या. "पितरांच्या पंधरवड्यात पाळण्यात बसायला जाता? लोक काय म्हणतील?"

"पितरांना आपण जेवायला बोलावतो ना?" काकू शांतपणे म्हणाल्या. "मंग वर गेलेल्या आजोबाला नात हसताना बी दिसू द्या."

खरी अडचण महेशची होती. "आई, पुन्हा तो तमाशा मला सहन होणार न्हाई," तो म्हणाला. काकू त्याच्याजवळ जाऊन बसल्या. "पोरगी चुकली नव्हती रे. आपला दिवस चुकला होता. एकदा दिवस बदलून बघू. न्हाई जमलं तर मी पुन्हा नाव काढणार न्हाई."

काकांचं श्राद्ध झालं, कावळ्याला पान ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. गौरीची आई, महेश, काकू, गौरी आणि सोबतीला मी. रात्री मुक्काम करून सकाळी पार्कवर पोचलो. रांगेचे कठडे रिकामे होते. घोड्यांपाशी एक माणूस स्टुलावर बसून चहा पीत होता.

"दादा, तेवढं गाणं बंद करता का?" काकूंनी विचारलं. "लेकराला आवाज सोसत न्हाई."

त्यानं एकदा गौरीकडं पाहिलं आणि काही न विचारता बटण दाबलं.

घोडे फिरायला लागले. गौरी कान दाबून बसली होती. थोड्या वेळानं तिचा एक हात खाली आला. मग दुसरा. तिनं घोड्याची मान धरली. फेरी संपली. ती उतरेना. "बसू द्या, कोण थांबलंय मागं?" तो माणूस म्हणाला. महेश कठड्याला धरून उभा होता. घोडा समोर आला की ती बापाकडं बघायची. शेवटी घोडे थांबले, तेव्हा तिनं बाजूच्या घोड्यावर हात मारला. "पप्पा बी."

महेश बसला. त्याचे पाय जमिनीला टेकत होते. तो हसत होता की रडत होता, मला सांगता येणार नाही. काकूंनी मात्र तिकडं पाठ केली आणि पिशवीत उगाच काहीतरी शोधत राहिल्या.

गौरी त्यानंतर बदलून गेली, असं काही झालं नाही. गर्दीत ती आजही किंचाळते. पण ते दरवर्षी जातात. यंदा काकूंचे गुडघे फारच धरले, म्हणून महेश आणि गौरी दोघंच गेले. गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत काकू दारात उभ्या होत्या.

"काळजी वाटत नाही का?" मी विचारलं.

"वाटून राह्यली की," त्या म्हणाल्या. "पण यंदा दिवस त्यानंच ठरवला. मला इचारलं बी न्हाई." आणि पदरानं डोळे पुसत, खूश होऊन, त्या आत गेल्या.