वरचा एक

भाचीचं लग्न जर्मनीत होतं. माझी बहीण, तिची आई, वारून बरीच वर्षं झाली, त्यामुळे आईकडचा आहेर करायला मी एकटाच उरलो. पुण्याचा मुलगा म्हणाला, बाबा, मोबाइलवरून मीच पाठवतो. मी नाही म्हटलं. पाठवणारा म्हणून त्याचं नाव गेलं असतं, आणि मामा मी आहे.

आमच्या वरवट बकालहून परदेशी पैसे जात नाहीत, म्हणून एसटीने नांदुऱ्याच्या मोठ्या बँकेत गेलो. पाचशे एक युरो पाठवायचे होते. साहेबाने विचारलं, कशासाठी? म्हटलं, मामाचा आहेर. त्याने 'भेट' लिहिलं. भेट तर कोणीही देतं. पण आहेराचा रकानाच नव्हता, तेव्हा तिथे मी सोडून दिलं.

काही दिवसांनी भाचीचा फोन आला. चारशे ऐंशीच पोचले होते. मधल्या कुठल्याशा बँकेने आपला वाटा काढून घेतला होता.

आमच्यात आहेर शून्यावर संपवत नाहीत. वरचा एक म्हणजे नातं पुढे चालू. तोच वाटेत कापला गेला.

भाची म्हणाली, "मामा, राहू द्या ना. पोचले की."

"पैसे पोचले बाई. आहेर नाही पोचला."

दुसऱ्या दिवशी पुन्हा नांदुरा. साहेब नियम सांगत बसला, एवढ्याने काय होतं म्हणाला. मी विचारलं, "साहेब, तुमच्या लग्नात मामानं ताटात नोट ठेवली अन् मंधातल्या मंधात कोणी तिचा कोपरा फाडला, तर तुम्ही घेतली असती काय?"

तो हसला. मग म्हणाला, सगळा खर्च पाठवणाऱ्याने सोसायचा, अशीही सोय आहे.

"हे पयलेच काऊन नाही सांगतलं?"

तुम्ही विचारलं नाही, म्हणे. वर सल्ला दिला की आता फक्त कमी पडलेले पाठवा. आहेर काय हप्त्याने करतात? पुरे पाचशे एक पुन्हा पाठवले, खर्च माझ्या अंगावर. मुलगा फोनवर चिडला. त्याला म्हटलं, कापूस माझा विकला, तुझा नाही.

हळदीच्या दिवशी भाचीने व्हिडिओवर आकडा दाखवला. शाळा माझी तिसरीपर्यंतची, पण शेवटचा एक मी बरोबर ओळखला. आधीचे चारशे ऐंशी परत पाठवू का, असं तिने विचारलं.

"नको. मंधात पुन्हा कापतीन ते. पाहुण्यायले जेवू घाल."