अप्पांची सकाळची गोळी

हे माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही आमच्या सिरसाळ्याचे नाही.

आमचं कापडाचं दुकान. माझ्या वडिलांना — अप्पांना — स्मृतिभ्रंश झाला, तरी मी त्यांना घरात कोंडलं नाही. पांढरं धोतर, कपाळी भस्म आणि बाजाराच्या दिवशी दुकानाची गादी. जागा त्यांची, त्यांनाच. याचा मला अभिमान आहे. का नसावा? किती घरांत होतं असं?

पण अप्पांना भास व्हायचे. गिऱ्हाईक दिसलं की ओरडायचे, "चोर हाय त्यो, धरा त्याला!" जुनी माणसं पायरीवरून परत फिरू लागली. डॉक्टरांनी भासांसाठी गोळी दिली. रात्री अर्धी, त्याहून जास्त नको, म्हाताऱ्या अंगाला सोसत नाही; अंग आखडलं, हात थरथरू लागला तर लगेच आणा.

मी सकाळीही देऊ लागलो. अख्खी. चहातून.

अप्पा शांत झाले. लोक त्यांच्या पाया पडून म्हणायचे, "पोरगा असावा तर असा." आणि मी — हो, मी फुलायचो.

आम्ही लिंगायत. रोज सकाळी अप्पा गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायचे. बाकी विसरले, ती पूजा नाही. एके सकाळी हात थरथरला आणि लिंग फरशीवर पडलं. आमच्यात याहून मोठा दोष नाही. अप्पा हाताकडे बघत राहिले. म्हणाले, "काय पाप केलं रं म्या?"

तेव्हा सांगता आलं नसतं का — की पाप तुमचं नाही, माझं आहे? हात दाखवायला नेलं तेव्हा डॉक्टरांनीही विचारलं, किती देता?

"अर्धीच," मी म्हणालो.

"मग आजार वाढलाय," ते म्हणाले, आणि गोळी बंद केली.

गोळी सुटली तशी हाताची थरथर थांबली. भास परतले, तरी मी अप्पांना गादीवरून उठवलं नाही; त्याचाही अभिमान आहे. पण लिंग त्यांनी पुन्हा हातात घेतलं नाही. माझं नाव विसरले, दुकान विसरले — हे मात्र नाही. "माझा हात बाटला," म्हणायचे. त्यांच्या लिंगाची पूजा मी करायचो, त्यांच्यासमोर बसून, रोज. आणि रोज गप्प राहिलो.

अप्पा गेले. आमच्यात गेलेल्या माणसाला मातीत बसवतात आणि लिंग त्याच्या डाव्या हातात देतात. ते मीच दिलं. हात हलला नाही. मागून कुणीतरी म्हणालं, "पोरानं शेवटपर्यंत केलं." मी मान ताठच ठेवली.