थोरल्या पातीचं वजन

आमचे शंकासाहेब स्वतःच्या सहीवरही विश्वास ठेवत नसत. सही करून कागद उजेडाला धरत आणि विचारत, "ही मीच केली ना?" ऐंशीच्या दशकात देवासच्या एका औषध कारखान्यात ते संगणक विभागाचे प्रमुख होते. पहिल्याच दिवशी माझ्या टेबलावरच्या याद्यांकडे बघून म्हणाले, "बाई, याद्या करणारी माणसं काहीतरी लपवत असतात."

"लपवत नाहीत, साहेब, विसरतात."

"बघू."

भांडाराचे प्रोग्राम कोबॉल या संगणकाच्या भाषेत होते, प्रयोगशाळेचे फोरट्रानमध्ये. दोन्हींना एकमेकांशी बोलता यावं म्हणून साहेबांनी स्वतः एक छोटी भाषा रचली. ती सुरू झाली आणि महिन्याभरात औषधाचा एक अख्खा घाणा बिघडला. मिश्रणाच्या तक्त्यात वजन चुकलं होतं. आकडे मी भरले होते. व्यवस्थापकांनी लेखी खुलासा मागितला. चूक माझी ठरली तर नोकरी जाणार होती.

साहेब तीन दिवस माझी एकेक नोंद तपासत होते. मी डबा उघडला तरी मान वर करून बघत. चौथ्या दिवशी ऑपरेटरला म्हणाले, "भिया, बाईंचं सगळं बरोबर निघतंय. यही तो गडबड है!"

मग त्यांनी माझ्याकडून दोन्हीकडच्या प्रोग्राममधल्या रकान्यांच्या नावांची यादी करून घेतली. 'वजन' दोन्हीत होतं. भांडाराचं पिंपासकट, प्रयोगशाळेचं नुसत्या मालाचं. साहेबांच्या भाषेत एका नावाला एकच जागा. नंतर आलेलं वजन आधीचं पुसून टाकायचं.

"देवासात राहून मला हे सुचू नये?" साहेब कपाळाला हात लावून म्हणाले. "एका गावात दोन राज्यं होती. थोरली पाती, धाकटी पाती. पत्ता विचारला की लोक आधी पाती सांगायचे."

आठवड्याभरात त्यांनी भाषेत तशी सोय केली. प्रत्येक नावाआधी त्याची पाती लिहायची. भांडार थोरली, प्रयोगशाळा धाकटी. दोन्ही वजनं आपापल्या घरी नांदू लागली.

त्याआधीच ते व्यवस्थापकांना लिहून देऊन आले होते, 'दोष माझ्या भाषेचा आहे.' माझी नोकरी राहिली, त्यांची बढती अडली. वर्षभरात नोकरी सोडून ते धारला, आपल्या घरी निघाले. मी बसस्टँडवर गेले होते.

"साहेब, तेव्हा माझ्यावर खरंच संशय होता?"

"होता की. पक्का."

"आणि मग?"

"मग तपासला. लोक नुसता घेतात, बाई, तपासत नाहीत."

आता माझ्या हाताखाली सात जण आहेत. कुणाची चूक दिसली, तर आधी मी तीन दिवस गुपचूप तपासते आणि मगच विचारते. त्यांना ते मुळीच आवडत नाही.