बारा वाजताचं ऊन

ऑक्टोबर सरता सरता आमची प्लाटून काश्मीरमधल्या एका उंच पोस्टवर चढली. ऐंशीच्या दशकातली शेवटची वर्षं. मी हवालदार, गाव बदलापूरचं कुळगाव. माझ्याच सेक्शनमध्ये लान्स नायक वसंत भोईर होता, मांजर्लीचा. लष्करात शेजारच्या गावचा माणूस भेटला की तो भाऊच.

बदलापूरच्या माणसाला हिवाळा ठाऊक नसतो. आपल्याकडे दिवस आखूड होतो म्हणजे दिवेलागण जरा लवकर होते, एवढंच. त्या पोस्टच्या तिन्ही अंगांना डोंगर. डिसेंबरात सूर्य अकराच्या सुमाराला कड्यावर यायचा आणि एक वाजून गेला की पलीकडे बुडायचा. बाकी वेळ बर्फाखालचा बंकर आणि बुखारी शेगडीचा धूर.

पहिले पंधरा दिवस बरे गेले. मग झोपेचं तंत्र बिघडलं. रात्री सेंट्री ड्युटी, म्हणजे पहारा, संपवून पडलं की डोळे टक्क उघडे. दिवसा मात्र मान गळून पडायची. जेवण जाईना. पोरं एकमेकांवर खेकसू लागली. वसंत सगळ्यात हसरा गडी, तोही गप्प झाला.

"हवालदारसाब, मना नीजच येत नाय," तो एकदा म्हणाला. "दिस हाय का रात, त्याच कलत नाय."

मी पोस्ट कमांडरला, आमच्या कॅप्टन साहेबांना, सांगितलं. त्यांनी रेडिओवर खालच्या डॉक्टरांना विचारलं. मी तिथेच उभा होतो. डॉक्टरांचं उत्तर साफ ऐकू आलं.

"दिवस छोटा झाला की शरीराचं घड्याळ भरकटतं. जवानांना रोज उन्हात बसवा. आणि रात्रीच्या सेंट्रीला सकाळी झोपू द्या. ओव्हर."

"रॉजर. आउट," साहेब म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "धूप सेकने आए हैं क्या हम?"

आता ऐका, मला राग कशाचा येतो ते. आमचं टाइमटेबल मैदानातल्या छावणीतलं होतं. तिथे उन्हाळ्यात दुपारी अंगाची लाही होते, म्हणून बारा ते एक सगळ्यांना आत घेऊन हत्यारांचं इन्स्पेक्शन करायचं. पद्धत शहाणपणाची होती, पण त्या जागेपुरती. तोच कागद आम्ही बर्फात वर नेला. चोवीस तासांत दोनच तास ऊन मिळायचं, आणि त्यातल्या नेमक्या भर उन्हाच्या तासाला वीस माणसं बंकरमध्ये कंदिलाच्या उजेडात रायफलच्या नळ्या दाखवत उभी! बाहेर लख्ख ऊन पडलेलं असायचं. आणि सकाळी रात्रीच्या सेंट्रीलाही बर्फ काढायला जुंपायचं, कारण दिवसा झोपणारा जवान आळशी. गाढवालाही कळेल अशी गोष्ट, पण कागदाला कोण विचारणार?

मी दोनदा बोललो. दुसऱ्यांदा साहेब म्हणाले, "हवालदार, ऑर्डर इज ऑर्डर."

जानेवारीत एके सकाळी आठच्या सुमाराला आमची लिंक पेट्रोल, म्हणजे शेजारच्या पोस्टपर्यंतची गस्त, निघाली. वसंत रात्रभर सेंट्रीला होता, तरी त्याचं नाव होतंच. कड्यावर दोर बांधलेले असतात. एक दोर संपला की आधी कमरेचा हुक पुढच्या दोराला लावायचा, मग मागचा सोडायचा. हे त्यानेच नव्या पोरांना शिकवलं होतं. त्या सकाळी त्याने आधी मागचा सोडला.

"भोईर, हुक!" मी ओरडलो.

त्याने वळून बघितलं. डोळे उघडे होते, पण ओळख नव्हती त्यांत. पाय सरकला आणि तो गेला. दुपारी आम्ही त्याला वर आणलं, तेव्हा त्याच्या तोंडावर ऊन पडलं होतं. मी तिथे बसून रडलो. कोणी मला उठ म्हणालं नाही.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मला विचारलं, "क्या वो ड्यूटी पर सो गया था?"

"नहीं साब. उसे सोने नहीं दिया गया."

डॉक्टरांचा रेडिओवरचा सल्लाही मी सांगितला. अहवालाच्या शेवटी निष्कर्ष आला, जवानाचा निष्काळजीपणा.

सुट्टीवर आलो तेव्हा मांजर्लीला शोकसभा होती. तो ड्युटीवर झोपला, ही बातमी आधीच पोचलेली. अंबरनाथ पश्चिमेच्या एका कारखान्यातले साहेब भाषणात म्हणाले, "दुर्दैव. डुलकी लागली आणि घात झाला." मी उठून उभा राहिलो.

"साहेब, तुमच्या नाइट शिफ्टच्या माणसाला सकाळी घरी सोडता, की पुन्हा मशीनवर उभा करता?"

ते खाली बसले. सभा संपल्यावर वसंतचे वडील, गणूकाका, मला बाजूला घेऊन गेले. शेतकरी माणूस.

"बाला, खरा सांग. माजा पोर पाहऱ्यावर निजला व्हता का?"

"नाय काका. सगळी रात जागला. सकाळी पन त्याला कुनी निजू दिला नाय."

काकांनी डोळे पुसले. "मंग लोकांना तसाच सांग," म्हणाले. "मी सांगला तर बापाचा कोन खरा मानील?"

पुढच्या हिवाळ्यात दुसरे कॅप्टन आले. दुपारचं इन्स्पेक्शन बंकरबाहेर, उन्हात घेण्याची ऑर्डर निघाली. रात्रीच्या सेंट्रीला सकाळी झोप सक्तीची झाली. पोरं सुधारली, जेवू लागली, हसू लागली. ऑर्डर चांगली होती, पण ती कोणामुळे निघाली हे कुठेच लिहिलं नव्हतं, आणि वसंतच्या नावापुढचा निष्काळजीपणा कोणी खोडला नाही. आजही तो तसाच आहे. काका गेले. सांगायला आता मी उरलोय, म्हणून सांगतो. मांजर्लीचा लान्स नायक वसंत गणू भोईर ड्युटीवर झोपला नव्हता.