लांब शिट्टी कुणी वाजवली?

या सदरातले गूढ अनुभव मी आजवर चहाबरोबर, हसायला म्हणून वाचत आले. हे आधीच कबूल करते, म्हणजे पुढे कुणी मला भाबडी बाई म्हणायला नको. मी लखनौमध्ये एका सरकारी औषध-संशोधन संस्थेत तांत्रिक अधिकारी आहे. जे दोनदा करून दोनदा तसंच येत नाही, ते आमच्याकडे निकाल म्हणून लिहीत नाहीत. माहेर अकोल्याचं. आमच्या घरात कधी कुणाची दृष्ट काढलेलीसुद्धा मला आठवत नाही. तरी हे लिहायला बसले, कारण मला राग आलाय. सहा महिने झाले, उतरायचं नाव घेत नाही.

आम्ही जानकीपुरम विस्तारात राहतो. नवरा रेल्वेत इंजिनिअर. मुलगी ईशा आठवीत, विकास नगरच्या एका खासगी शाळेत. चार वर्षांपूर्वी तिच्या शाळेत स्काउट-गाईडमधलं गाईडचं, म्हणजे मुलींचं, पथक चालवायला एकही शिक्षिका तयार नव्हती. मी लहानपणी गाईड होते, म्हणून मी हात वर केला, रीतसर प्रशिक्षण घेतलं आणि कॅप्टन झाले. पगार नाही, मान तर नाहीच. दर शनिवारी दुपारी गाठी, प्रथमोपचार, नकाशा, चूल पेटवणं. बावीस मुली, अकरा ते पंधरा वर्षांच्या, चार टोळ्या. प्रत्येक टोळीची एक नायिका. माझ्याबरोबर मदतीला शाळेतल्या शुक्ला मॅडम.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. आमच्यात शिट्टीची भाषा असते. लागोपाठ छोट्या छोट्या शिट्ट्या म्हणजे हातातलं टाकून झेंड्याकडे धावत या आणि झेंड्यासमोर घोड्याच्या नालेसारख्या उभ्या राहा. एक लांब शिट्टी म्हणजे आहात तिथे थांबा, पुढचं पाऊलही टाकू नका. का, कशाला, हे विचारायचं नाही. हे मीच शिकवलंय. शिट्टीवर विश्वास ठेवा, प्रश्न नंतर विचारा... असं चार वर्षं घोकून घेतलंय.

शाळेने कुर्सी रोडच्या बाजूला एक मोठा प्लॉट घेऊन ठेवलाय. तिथे आमचं एक दिवसाचं शिबिर ठरलं. आधीच्या शनिवारी मी जागा बघायला गेले. मागच्या बाजूला साडेचार इंच जाडीची विटांची उंच भिंत. ना खांब, ना गिलावा. पलीकडच्या प्लॉटवाल्याने तिला टेकवून छातीएवढा मातीचा भराव घातलेला, आणि त्यात कुठूनतरी पाणी मुरत होतं. भिंतीला तिरकी भेग, माझी बोटं आत गेली एवढी. मी शाळेच्या प्रबंधकांना तिथल्या तिथे दाखवली. शाळा त्यांच्याच कुटुंबाची.

"अरे वानखेड़े मैम," ते म्हणाले, "ये दीवार हमने खुद खड़े होकर बनवाई है. कुछ नहीं होगा. आप बहुत सोचती हैं."

मी म्हटलं, मग मुली भिंतीच्या तीस पावलं अलीकडेच राहतील आणि झेंडा समोरच्या कडुलिंबाजवळ लागेल. ते तोंड वाकडं करून हो म्हणाले. पाठीमागे भिंत असली की बॅनर छान दिसतो, फोटो चांगले येतात, हे त्यांचं दुःख. मी भेगेचा फोटो काढला नाही. रोज नमुन्यांचे फोटो काढणारी बाई मी, आणि तिथे नाही सुचलं!

शिबिराचा दिवस. थंडी सरत आली होती, ऊन छान होतं. सकाळी मी स्वतः पावलं मोजून कडुलिंबापाशी झेंडा लावला. दुपारपर्यंत मुलींनी तीन-तीन बांबूंचे तिवे बांधले, विटांच्या चुली मांडल्या, खिचडी केली, थोडी करपवली, आवडीने खाल्ली. चारच्या सुमाराला पाहुणे यायचे होते, कुणीतरी मोठे साहेब. पावणेचारला प्रबंधक गेटजवळ माझ्यापाशी आले.

"मैम, चार-पाँच बच्चियाँ इधर भेज दीजिए. साहब को चाय-नाश्ता वही सर्व करेंगी. अच्छा लगता है."

"त्या गाईड आहेत, वेटर नाहीत," हे मी मराठीतच बोलून गेले. मग हिंदीत पुन्हा, आणखी वरच्या आवाजात. त्यांचं म्हणणं, इसमें बुरा क्या है, सेवा ही तो है. माझं म्हणणं, सेवाच आहे तर तुमच्या भाच्याला ट्रे धरू द्या. भाचा तिथेच मोबाइल चाळत उभा होता. एवढ्यात गेटवर गाडीचा हॉर्न वाजला.

"अच्छा छोड़िए, बुलाइए सबको, जल्दी बुलाइए!"

मी गेटकडेच तोंड करून उभी होते. डोक्यात सणक गेली होती. तशीच शिट्टी तोंडात धरली आणि छोट्या शिट्ट्या वाजवल्या, लागोपाठ. मग शिट्टी सोडली... ती गळ्यातल्या दोरीवर लोंबत होती... आणि मी प्रबंधकांना पुन्हा सुनवायला तोंड उघडलं.

तेव्हा ती लांब शिट्टी वाजली.

माझ्या कानाशी. उजव्या कानाशी, अगदी जवळ. मी दचकून छातीशी हात नेला, तर माझी शिट्टी मुठीत. तोंड उघडं, अर्धा शब्द बाहेर. आणि शिट्टी वाजतच होती, एकसारखी, श्वास न तुटता.

मी वळले. तेव्हा मला दिसलं की झेंडा कडुलिंबाजवळ नाही. तो भिंतीला लागून उभा आहे, मागे बॅनर ताणलेला. जेवणाच्या वेळी प्रबंधकांच्या माणसांनी हलवला होता, हे नंतर कळलं. आणि माझ्या बावीस मुली त्याच्याकडे धावत निघालेल्या, मधेच खिळल्यासारख्या उभ्या. एक पाय पुढे, एक मागे. यातल्या कित्येकींना मी चार वर्षं ओळखते. लांब शिट्टीवर सगळ्या एकदम थांबल्यात असं आजवर झालेलं नाही. कुणीतरी दोन पावलं जास्त जातंच, कुणीतरी खिदळतं. त्या दिवशी कुणीही हललं नाही.

मग भिंत आली. मोठा आवाजसुद्धा नाही. आधी मधूनच पोट आल्यासारखी फुगली, आणि बॅनरसकट, झेंड्यासकट, मागच्या सगळ्या मातीसकट खाली बसली. झेंड्याचा बांबू मोडला. सगळ्यात पुढे झैनब होती, एका टोळीची नायिका, नववीतली. एक वीट गडगडत येऊन तिच्या बुटाला लागून थांबली. तिच्या मागे दोन हातांवर माझी ईशा.

कुणाला खरचटलंही नाही. मी धावत गेले, मुली मोजल्या, परत मोजल्या, आणि मग मातीतच बसले. त्यांना मीच बोलावलं होतं! माझ्याच शिट्टीने बावीस मुली त्या भिंतीखाली निघाल्या होत्या.

आता शिट्टीचं. त्या प्लॉटवर दोनच शिट्ट्या होत्या. एक माझ्या मुठीत. दुसरी शुक्ला मॅडमच्या पर्समध्ये, पर्स बसमध्ये, बस कुलूपबंद. माझ्यापासून हातभर अंतरावर उभ्या असलेल्या प्रबंधकांनी लांब शिट्टी ऐकलीच नाही. भाच्यानेही नाही, गेटवरच्या गाडीच्या ड्रायव्हरनेही नाही. सोमवारी मी मुलींना वेगवेगळं बसवून चिठ्ठ्या लिहून घेतल्या : आवाज कुठून आला? बावीसच्या बावीस चिठ्ठ्यांवर एकच... मैम की तरफ़ से.

शुक्ला मॅडम मुलींच्या धावण्याचा व्हिडिओ काढत होत्या. तो आम्ही दोघींनी स्टाफरूममध्ये कितीदा पाहिला असेल. त्यात माझ्या छोट्या शिट्ट्या स्पष्ट ऐकू येतात. पाखरं ऐकू येतात. गाडीचा हॉर्न परत वाजलेला ऐकू येतो. मग मुली थांबतात... आणि लांब शिट्टी नाही. नुसतीच शांतता, आणि भिंत. खुद्द शुक्ला मॅडमनी ती शिट्टी कानांनी ऐकली होती. त्यांनी फोन उलटा ठेवला आणि म्हणाल्या, "मैम, हमको डर लग रहा है."

मी घाबरले नाही, मी चिडले. पुन्हा त्या प्लॉटवर गेले, तोच फोन, तीच जागा, तेवढंच अंतर, आणि पाचदा लांब शिट्टी वाजवली. पाचही वेळा फोनने ती पकडली. नवरा म्हणाला, ताणात असं होतं, आपल्याला वाटतं. बरं. बावीस मुलींना आणि दोन बायकांना एकाच क्षणी, एकच वाटलं?

पण माझा खरा राग पुढे आहे.

मंगळवारी शाळेत सुंदरकांडाचा पाठ झाला. प्रसाद म्हणून बुंदी वाटली. प्रबंधक हात जोडून म्हणाले, बजरंगबली ने हमारी बच्चियों को बचा लिया. पालकांनी डोळे पुसले. एकाही बापाने विचारलं नाही की भिंत पडली कशी! जणू भिंत कुणी बांधलीच नव्हती, ती आकाशातून आली आणि वरच्यानेच झेलली. पुढच्या आठवड्यात त्याच विटा त्याच भरावाला टेकवून परत रचल्या गेल्या, पुन्हा साडेचार इंची. आणि नोटीस बोर्डावर कागद लागला : पुढच्या महिन्यात त्याच जागी बुलबुलांचं शिबिर. बुलबुल म्हणजे आमच्यातल्या धाकट्या, सहा ते दहा वर्षांच्या मुली.

मी गाईडच्या जिल्हा कार्यालयासाठी अहवाल लिहिला. भेग, भराव, पाणी, प्रबंधकांना दिलेली सूचना, हलवलेला झेंडा, सगळं. आणि शिट्टीही लिहिली, जशी झाली तशी. तिथल्या साहेबांनी तीन पानं वाचली आणि शेवटच्या पानावर थांबले.

"मैडम, आप तो साइंटिस्ट हैं ना?"

"हाँ."

"तो ये क्या है... सीटी किसने बजाई, ज्ञात नहीं? इसको लेकर हम कहाँ जाएँ? लोग हँसेंगे." त्यांनी कागद परत माझ्याकडे सरकवले. भेगेचं पानही त्याच्याबरोबर परत आलं.

मी घरी आले आणि शेवटचं पान बदललं. लिहिलं की भिंत हलताना मला दिसली, मी तत्काळ लांब शिट्टी दिली. चार ओळींचं खोटं. आयुष्यात कामाच्या कागदावर मी खोटं लिहिलेलं ते पहिलं. चार दिवसांत आदेश निघाला : जागा सुरक्षित आहे असं सरकारी इंजिनिअरने लिहून देईपर्यंत त्या प्लॉटवर कुठलंही शिबिर नाही. त्या वेळी माझ्या शेजारीच उभ्या असलेल्या प्रबंधकांनी चकार शब्द काढला नाही. काढला असता तर भिंतीबद्दलही बोलावं लागलं असतं. उलट आदेशाबरोबर माझ्या नावाचं प्रशंसापत्र आलं, कॅप्टनच्या सतर्कतेबद्दल. ते प्रार्थनेच्या वेळी वाचून दाखवलं आणि मला शाल घातली. प्रबंधकांनीच. सगळी शाळा टाळ्या वाजवत होती. माझ्या बावीस मुली हात मागे बांधून उभ्या होत्या.

घरी मी ईशाला म्हटलं, "अगं, बोल ना काहीतरी."

"आई, मुझसे मत पूछो," ती म्हणाली. "शनिवार को ज़ैनब दीदी ने मीटिंग बुलाई है."

आमच्यात एक सभा असते. कॅप्टन आणि चारही टोळीनायिका एकत्र बसतात आणि कुणी नियम मोडला असेल तर त्याचा निवाडा करतात. आमचा पहिला नियमच असा की गाईडच्या शब्दावर भरवसा ठेवता आला पाहिजे. आजवर या सभेत उशिरा येणं, गणवेश, भांडणं एवढंच आलं होतं. त्या शनिवारी माझं नाव होतं.

रिकाम्या वर्गात चौघी बाकावर बसल्या. मी समोर. झैनबने रजिस्टर उघडलं.

"मैम, लम्बी सीटी आपने बजाई थी?"

"नहीं."

"लेटर में लिखा है आपने बजाई."

मग मी सगळं सांगितलं. पहिला अहवाल, साहेबांचं ते 'लोग हँसेंगे', बुलबुल. आवाज चढत गेला माझा. प्रबंधक, त्यांची बुंदी, पालक, कुणालाच सोडलं नाही. त्या ऐकत होत्या. माझं संपल्यावर चौघी कोपऱ्यात जाऊन कुजबुजल्या आणि परत येऊन बसल्या.

"मैम, एक महीना आप सीटी नहीं बजाएँगी," झैनब म्हणाली. "शुक्ला मैम बजाएँगी."

मी मान हलवली. "ठीक है. झूठ लिखा, तो सज़ा तो..."

"झूठ के लिए नहीं, मैम." तिचे डोळे भरले होते, पण आवाज सरळ होता. "झूठ तो आपने छोटी बच्चियों के लिए बोला. आप ग़ुस्से में थीं. आपने हमको बुलाया और देखा ही नहीं कि झंडा कहाँ है."

सहा महिन्यांत मला इतक्या लोकांनी इतकं ऐकवलं. हे एकच वाक्य खरं होतं, आणि त्याच्यावर मला चिडता आलं नाही. मी मुलींसाठी भांडत होते, हे मला पक्कं ठाऊक होतं. त्या भांडणात मुलींकडेच माझी पाठ होती. मी रडले, त्यांच्यासमोरच. एकीने तिची पाण्याची बाटली पुढे केली.

ती लांब शिट्टी काय होती, मला माहीत नाही. कृपा म्हणू नका, ते मी बुंदीबरोबर ऐकलंय. तिच्यावरही माझा राग आहेच. एवढं कळत होतं, तर माझ्या छोट्या शिट्ट्या का नाही अडवल्या?

झैनबने सभेचा निर्णय रजिस्टरमध्ये गोल अक्षरात लिहिला आणि वही माझ्याकडे फिरवली. दोनच ओळी होत्या.

पहली सीटी : कैप्टन ने बजाई.
दूसरी सीटी : पता नहीं.

खाली चार नायिकांच्या सह्या आहेत, आणि पाचवी माझी.