आर्डिसच्या पाटीखालची नऊ माणसं

आर्डिस हेल्गेसन आमच्या गावच्या शाळेत एकोणीस वर्षं स्वयंपाकीण होती. बेकर्स ग्रोव्हमध्ये चाळिशीच्या आतल्या कुणालाही विचारा, त्याने तिच्या हातची चिली, म्हणजे राजमा-खिम्याचं तिखट कालवण, आणि त्यासोबत दालचिनीचा रोल खाल्लेला असतो. मुलं तिला घाबरायची आणि दुसऱ्यांदा वाढून घ्यायला तिच्याच रांगेत उभी राहायची.

तिचा धाकटा भाऊ ड्वेन धान्याच्या कोठाराच्या शिडीवरून पडला तेव्हा त्रेचाळीस वर्षांचा होता. जीव वाचला. उजवी बाजू गेली आणि बोलणं इतकं संथ झालं की एक वाक्य संपेपर्यंत समोरच्याची कॉफी निवायची. पहिली पाच वर्षं आईने त्याचं सगळं केलं. आई गेल्यावर आर्डिसने शाळेत राजीनामा दिला आणि ती त्याच्या घरी राहायला आली. ते घर माझ्या घरासमोर. तिला कुणी विचारलं, "नोकरी का गं सोडलीस?" तर ती म्हणायची, "सोडली कुठे? दुसरी लागली. दिवसरात्रीची आहे. फक्त पगार द्यायचं सगळे विसरलेत."

हे ती हसत म्हणायची. सहा वर्षं हसत म्हणाली.

मग आमच्याकडे राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीचा हंगाम आला. आमच्या आयोवा राज्यात तो सगळ्यांच्या आधी येतो आणि वर्षभर मुक्काम ठोकून असतो. मी गावच्या वाचनालयात काम करते, त्यामुळे आमच्या मागच्या हॉलमध्ये येऊन हात हलवून गेलेल्या पंधरा-सोळा उमेदवारांना मी खुर्च्या मांडून दिल्या आहेत. त्यातल्या एकाचं म्हणणं असं होतं की देशातल्या प्रत्येक सज्ञान माणसाला सरकारने दरमहा हजार डॉलर द्यावेत. गरीब असो, श्रीमंत असो, काम करो, न करो, कुणाला काही विचारायचं नाही. बावीस माणसं आली होती, बरीचशी कुकीजसाठी. बोलता बोलता तो म्हणाला, घरात आजारी माणसाचं करणं हेही कामच आहे, आपण ते मोजत नाही एवढंच.

सभा संपल्यावर आर्डिस माझ्या टेबलापाशी आली. नाक लाल झालेलं.

"इनेझ, इतक्या वर्षांत हे कुणी तोंडातून काढलं नव्हतं गं. माझ्या सख्ख्या बहिणीनेसुद्धा नाही."

त्या दिवसापासून ती त्या उमेदवाराची झाली. आणि त्याच दिवसापासून आमच्या गावचं फेसबुकचं पान बिघडलं.

तोवर त्या पानावर हरवलेली कुत्री, जास्तीचे भोपळे आणि 'काल चर्चच्या पार्किंगमध्ये कुणाचा हातमोजा राहिलाय' असलं काही असायचं. आर्डिसने तिथे हजार डॉलरबद्दल लिहिलं, आणि पहिलं उत्तर आलं लायल पोस्टमाचं.

लायल म्हणजे आर्डिसचा वर्गमित्र. गावाबाहेर आठशे एकर मका-सोयाबीन. गावातल्या निम्म्या लोकांच्या दारातला बर्फ तो स्वतःच्या ट्रॅक्टरने काढतो आणि पैसे कुणाकडून घेत नाही. ड्वेनच्या दारातला तर तो शिडीवरून पडला त्या हिवाळ्यापासून काढतोय. पक्षही दोघांचा एकच, उमेदवार मात्र वेगळे. समोरासमोर लायल दोन शब्दांच्या वर बोलत नाही. कीबोर्डवर मात्र त्याला कंठ फुटतो.

त्याने लिहिलं, "घरबसल्या हजार डॉलर मिळाले तर माझ्या शेतात कापणीचं यंत्र कोण चालवणार?"

आर्डिसने लिहिलं, "तुझं यंत्र आत्ताच आपलं आपण चालतं. तू नुसता आत बसून डोनट खातोस."

त्याला चाळीस जणांनी अंगठा दिला. लायलची बायको कोरीन हिनेही दिला, आणि तासाभराने काढून घेतला.

उन्हाळा गेला, कापणी झाली, थँक्सगिव्हिंगची टर्की संपली, तरी हे दोघं थांबेनात. आर्डिस एका हाताने ड्वेनला सूप भरवायची आणि दुसऱ्या हाताने लायलला उत्तर द्यायची. मी स्वतः पाहिलंय. चमचा हनुवटीपाशी अडकलेला, ड्वेन आ वासून वाट बघतोय, आणि ही पुटपुटतेय, "महागाई वाढेल म्हणे! थांब, तुझी महागाई दाखवते तुला."

"अगं, त्याला भरव आधी," मी म्हटलं.

"एक मिनिट. हे शेवटचं."

शेवटचं कधीच नसायचं.

डिसेंबरात लायलने लिहिलं, "कष्ट करणाऱ्यांच्या जिवावर ऐतखाऊ पोसायचं हे नवीन नाव आहे." नाव कुणाचं घेतलं नव्हतं. पण एवढ्याशा गावात नाव घ्यावं लागत नाही. आर्डिसने दोन दिवस काही लिहिलं नाही. तिसऱ्या दिवशी ती वाचनालयात आली, कॉम्प्युटरवर बसली आणि सरकारी यादी शोधून काढली. चीनशी जकातीचं भांडण झालं, सोयाबीनचा भाव पडला, तेव्हा सरकारने शेतकऱ्यांना भरपाई दिली होती. कुणाला किती मिळाली ते कुणालाही बघता येतं, फक्त बघत कुणी नाही. तिने लायलच्या नावापुढचा आकडा उचलून गावच्या पानावर टाकला. एक लाख बारा हजार डॉलर. खाली एवढंच लिहिलं, "ऐतखाऊ?"

मी म्हटलं, "आर्डिस, काढ ते."

"खोटं आहे का?"

"खोटं नाही. पण काढ."

"त्याचं त्याने काढलं का?"

त्या आठवड्यात किराण्याच्या दुकानात लायल आला की लोक शेल्फावरचे डबे निरखायला लागायचे. मला वाटलं, आता हा हिच्या दारात पाऊल ठेवणार नाही.

जानेवारीत नऊ इंच बर्फ पडला. सकाळी सहाला ट्रॅक्टरचा आवाज आला म्हणून मी पडदा सरकवला, तर लायल नेहमीसारखा आर्डिसच्या दारात. आणि आर्डिस नाइटगाऊनवर कोट चढवून, पायात ड्वेनचे बूट घालून, ट्रॅक्टरसमोर हात पसरून उभी.

"बंद कर! बंद कर ते! मला नकोय तुझे उपकार!"

लायलने इंजिन बंद केलं. "ड्वेनची व्हॅन कशी काढशील?"

"मी काढीन फावड्याने. नाहीतर हे घे." तिने वीस डॉलरची नोट पुढे केली. "घे म्हणते ना. मला फुकट काही नको!"

लायलने नोट घेतली नाही. मग म्हणाला, "फुकट नको? मग त्या हजारासाठी एवढी का भांडतेस, बाईसाहेब?"

वर्षभर ज्याला एकेका ओळीला दहा-दहा ओळी सुनावल्या, त्याच्यासमोर आर्डिस नोट धरून नुसती उभी राहिली. त्याने इंजिन सुरू केलं, तिला वळसा घातला आणि उरलेला बर्फ काढून निघून गेला. पाच मिनिटांनी ती माझ्या स्वयंपाकघरात होती आणि टेबलावर मुठी आपटत होती.

"ते फुकट नसतं गं! ते माझ्या कामाचं असतं! हे मला तिथे का नाही सुचलं? लिहिताना बरोब्बर सुचतं!"

फेब्रुवारीत कॉकस झालं. आमच्याकडे उमेदवार निवडायला मतपेटी नसते. पक्षाची माणसं संध्याकाळी शाळेच्या जिममध्ये जमतात आणि सगळ्यांदेखत आपापल्या उमेदवाराच्या पाटीखाली उभी राहतात. मग डोकी मोजायची. शंभरात पंधरा माणसं ज्याच्याकडे नाहीत तो उमेदवार बाद. बाद झालेल्यांना पंधरा मिनिटं मिळतात. तेवढ्यात दुसऱ्याच्या पाटीखाली जा, कुणाला आपल्याकडे ओढून आणा, नाहीतर घरी जा. त्या वर्षी मोजणीची अध्यक्ष मीच होते.

जिममध्ये एकाहत्तर माणसं होती. टिकायला अकरा लागत होती. आर्डिस आली ती ड्वेनची चाकाची खुर्ची ढकलत, थेट बास्केटबॉलच्या जाळीखाली, आपल्या पाटीपाशी. मी मोजलं. दोन मोठे गट सहज तरले. आर्डिसकडे नऊ. लायलच्या उमेदवाराकडे आठ. दोघंही बाद.

"पंधरा मिनिटं," मी म्हटलं.

सगळ्या जिमला कळलं की आता बघण्यासारखं फक्त त्या दोन पाट्यांमध्ये आहे. लायल टोपी हातात धरून मधल्या रेषेपर्यंत आला.

"आम्हाला तीन हवेत. तुझ्याकडचे तीन दे."

"आम्हाला दोनच हवेत," आर्डिस म्हणाली. "कमी कुणाला लागतायत? तुमचे दोन इकडे येऊ देत."

"त्या हजार डॉलरच्या पाटीखाली? मी?"

"का? लाखाच्या पाटीखाली चालतं ना?"

कुणीतरी हसलं. लायलचे कान लाल झालेले लांबून दिसत होते. तेवढ्यात त्याच्या मागून कोरीन निघाली. पर्स काखेत घट्ट धरून अख्खं जिम ओलांडून ती आर्डिसच्या बाजूला जाऊन उभी राहिली.

"कोरीन, काय चाललंय हे?"

"तुझ्या आईचं सात वर्षं मी केलं, लायल. तू त्या सात वर्षांत मला एकदा तरी विचारलंस का, की बाई गं, दमलीस का?"

आर्डिसकडे आता दहा झाले. एकच कमी.

"लायल," आर्डिसचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "ये ना. एकच माणूस लागतंय."

"तू तो आकडा काढ. येतो."

"तू 'ऐतखाऊ' काढ."

"आधी तू."

"तू आधी लिहिलंस, तू आधी काढ!"

साठ वर्षांची दोन माणसं, पहिलीत एका बाकावर बसलेली. सात मिनिटं गेली यात. माझं लक्ष घड्याळाकडे होतं, त्यामुळे ड्वेनने डावा हात वर केलाय हे मला उशिरा दिसलं. त्याला काहीतरी बोलायचं होतं. मी म्हटलं, "थांबा, ड्वेनला बोलू द्या." सगळ्यांना वाटलं, आता हा लायलला विनवणार.

"मी..." ड्वेन म्हणाला. आम्ही थांबलो. "मी... तिकडचा... आहे."

"कुठला?" आर्डिसने विचारलं.

त्याने बोट दाखवलं. लायलच्या पाटीकडे.

"ड्वेन, काय बोलतोयस? तू आपल्याकडे आहेस."

"तू... ढकललंस."

नियम साफ होता. माणूस ज्या पाटीचं सांगेल त्या पाटीखाली मोजायचं. खुर्ची कुणी ढकलली याला किंमत नाही. मी कागदावर खोडलं आणि पुन्हा लिहिलं. आर्डिसकडे, कोरीनला धरून, नऊ. लायलकडे, ड्वेनला धरून, आठ. जिथून निघालो होतो तिथेच. लायलने येऊन खुर्चीच्या मुठी धरल्या आणि ड्वेनला आपल्या बाजूला नेलं. त्यात विजय मिळाल्याचं काही नव्हतं, उलट तोच ओशाळला होता. वेळ संपली. दोन्ही पाट्या खाली उतरल्या. लायलकडची माणसं इकडेतिकडे पांगली. आर्डिस कुणाच्याच पाटीखाली गेली नाही. तिने कोट घेतला, भावाला घेतलं आणि ती बाहेर पडली.

व्हॅनमध्ये ड्वेनला चढवायला मी मदत करत होते. ती पट्टे आवळत होती, नको तितके घट्ट.

"का?" ती म्हणाली. "एवढंच सांग मला. का?"

ड्वेनने वेळ घेतला. थंडीने माझी बोटं बधिर झाली, पण मी हलले नाही.

"लायलचा उमेदवार... म्हणतो... घरी... मदतनीस पाठवू. पगारी. मग तू... बाहेर जाशील."

"हे मला वर्षभरात एकदा सांगता आलं नाही तुला?"

"तू... फोनवर... असायचीस."

आर्डिसने व्हॅनचं दार इतक्या जोरात लावलं की समोरच्या गाडीच्या काचेवरचा बर्फ गळून पडला. मग ती चाकापाशी टेकून उभी राहिली आणि रडली. दुःखाने नाही, वैतागाने. "नऊसुद्धा नव्हते माझ्याकडे, इनेझ," ती म्हणाली. "आठच होते. सुरुवातीपासून."

आठवडाभरात तिचा उमेदवार मैदानातून बाहेर पडला. लायलचा पुढच्या महिन्यात. पानावरचं 'ऐतखाऊ' आणि तो आकडा, दोन्ही अजून तसेच आहेत. आर्डिसने माझ्या मदतीने काउंटीच्या सरकारी कचेरीकडे पगारी मदतनीसासाठी अर्ज केला. उत्तर आलं की प्रतीक्षायादी आहे, साधारण अडीच वर्षांची.

तोवर दर गुरुवारी दुपारी कोरीन ड्वेनपाशी येऊन बसते. तीन तास. आर्डिसने ते मोठ्या कष्टाने कबूल केलं. पहिल्या गुरुवारी केस विंचरून, लिपस्टिक लावून ती गाडी घेऊन निघाली तेव्हा मला मनापासून बरं वाटलं. तासाभराने मी किराण्याच्या दुकानात गेले, तर तिची गाडी तिथेच पार्किंगमध्ये उभी. इंजिन चालू. मी काचेवर टकटक केली.

"इथे काय करतेस गं?"

"कुठे जाऊ?" ती म्हणाली. "सहा वर्षांत कुठे जायचं असतं तेच विसरले मी."

मांडीवरचा फोन उजळलेला होता. टेनेसीतल्या कुणा माणसाने लिहिलं होतं की लोकांना पैसे दिले तर ते आळशी होतात.

"हे बघ ना," आर्डिस म्हणाली, "या गाढवाला काही म्हणजे काही माहीत नाही," आणि मला आत बसता यावं म्हणून तिने शेजारच्या सीटवरची पर्स उचलली.