पडलो नाही, जरा बसलो!

मला एक सांगा, भरवसा कुणावर ठेवायचा? शिडी विकणाऱ्यावर, की शिडीवरून पडू नका म्हणत फिरणाऱ्यावर? नीट विचार करून सांगा, कारण आमच्या कोपरखैरण्यात हे दोन्ही धंदे मी एकटाच करतो!

दुकान घरगुती सामानाचं. बादल्या, दोऱ्या, स्टुलं, शिड्या, पायपुसणी, कुलपं. शिक्षण नववी नापास. पुढचं सगळं खोक्यांवरच्या सूचना वाचून शिकलो. आणि खोक्यावरची सूचना वाचणारा माणूस आपल्याकडे इतका दुर्मीळ, की लोक मला जाणकार समजतात! त्यात मी आमच्या 'सांभाळून मंडळा'चा चिटणीस. शाळेच्या पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत कुणी पडू नये, भाजू नये, ठेचकाळू नये, एवढंच मंडळाचं काम. अशा कामात किस्से कसे साठतात म्हणाल, तर माळ्यावर रिकामे डबे साठतात तसे. एकही टाकवत नाही, आणि एक काढायला जावं तर दहा अंगावर येतात.

*

मंडळ काढलं सिस्टरनी. रिटायर्ड नर्स. सगळी नोकरी हाडांच्या वॉर्डात गेलेली. माणूस समोर आला की तोंडाआधी त्याच्या चपला बघतात. एकदा दुकानात आल्या त्या मीच विकलेलं प्लॅस्टिकचं स्टूल हातात धरून.

"शेठ, ए विंगमधल्या आजी यावरून पडल्या. पंखा पुसत होत्या."

"सिस्टर, स्टूल मी बसायला विकतो. चढा असं मी कुठं म्हटलं?"

"चढू नका असं तरी कुठं म्हटलंत?"

मुद्दा बिनतोड होता. मी मार्कर घेतला आणि प्रत्येक स्टुलावर लिहिलं, 'यावर चढू नये.' गिऱ्हाईक यायचं, वाचायचं, मान डोलवायचं आणि विचारायचं, "मग चढायचं असेल तर कुठलं घेऊ?" महिन्याभराच्या शिड्या चार दिवसांत संपल्या!

सिस्टरनी रिकामी भिंत बघितली आणि म्हणाल्या, "शेठ, आजपासून तुम्ही मंडळात. बाहेर राहिलात तर जास्त नुकसान कराल."

*

पहिला कार्यक्रम मुलांचा. सिस्टरनी सगळ्या पोरांना शपथ दिली, बाबांनी हेल्मेट घातल्याशिवाय स्कूटर सुरू करू द्यायची नाही. पोरं आपल्याकडे शपथ फार सीरियसली घेतात. मोठे झाल्यावर जाते ती सवय.

दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानासमोरच बी विंगमधला एक बाप स्कूटर काढत होता. हेल्मेट होतं, नाही असं नाही. कोपरात अडकवलेलं. सात वर्षांची ओवी हँडलला लटकून उभी.

"बाबा, डोक्यात घाला."

"अगं, इथे कोपऱ्यावर जाऊन येतो. दूध आणायचंय फक्त."

ओवीने विचार केला. मग म्हणाली, "ठीक आहे. मग डोकं घरी ठेवून जा."

बापाने गपचूप हेल्मेट घातलं. दूध घेऊन आला तो हेल्मेटसकट दुकानात शिरला आणि तसाच अर्धा तास गप्पा मारत बसला. म्हटलं, "अहो, आता तरी काढा." तर म्हणाला, "ती गॅलरीतून बघतेय, शेठ!"

*

मग ज्येष्ठांचा वर्ग. विषय, घरात पाय घसरू नये म्हणून काय करावं. पाटीलदादांनी तळमजल्याचा हॉल दिला. दादा म्हणजे आमच्या तिन्ही विंगचे मालक. तिथे पूर्वी त्यांच्या बापाची भातशेती होती. आता खाली हॉल, वर भाडेकरू आणि सी विंगच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर दादा.

तर सिस्टर तासभर बोलल्या. ओली फरशी, सैल चपला, वाटेत पडलेल्या वस्तू. "वाटेत काहीही ठेवू नका!" हे वाक्य तर त्यांनी चाळीस म्हाताऱ्यांकडून तीनदा म्हणवून घेतलं. टाळ्या झाल्या. चहा झाला. सिस्टर दारातून बाहेर पडल्या आणि धाडकन आडव्या झाल्या!

दारात चाळीस जणांच्या चपला. एकावर एक.

इथे मात्र बाईला मानलं. उठल्या, गुडघा चोळला, पिशवीतून एक कोरी वही काढली आणि आमच्या देखत लिहिलं. नाव, स्वतःचं. जागा, सुरक्षा वर्गाचं दार. कारण, चपला. कुणाच्या, सगळ्यांच्या.

म्हणाल्या, "ही पडझड वही. आजपासून जो पडेल त्याने इथे लिहायचं. लाजायचं नाही. कुठे किती जण पडतात ते कळलं की तिथे इलाज करता येईल. वही शेठच्या गल्ल्याशेजारी राहील."

*

वहीची खरी गरज होती ती मागच्या जिन्यासाठी. बी विंगच्या मागे सात पायऱ्या आहेत, भाजी बाजाराकडे उतरणाऱ्या. तिसरी पायरी खचलेली, धरायला काही नाही. पुढच्या गेटने सपाट रस्ता आहे, पण लांबचा वळसा. त्यामुळे सगळ्या बायका मागूनच जातात. त्यात तात्यांची बायको, आमच्या काकूही.

तात्या साताऱ्याकडचे. आयुष्यभर मार्केटात पोती वाहिली, आता रिटायर होऊन बी विंगचे प्रमुख. काकूंच्या खुब्याचं एकदा ऑपरेशन झालेलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की परत तिथे मार बसला तर काकू पुन्हा चालतील याची खात्री नाही. सिस्टर त्या जिन्याकडे बघून रोज जीव मुठीत धरायच्या.

आम्ही दोघं दादांकडे गेलो. म्हटलं, पायरी नीट करा, रेलिंग लावा.

दादा म्हणाले, "कोन पडला? मना नाव सांग."

"दादा, पडल्यावर लावायचं का?"

"उगाच लावू? पोरा रेलिंगवर घसरगुंडी करतील, मंग तुमीच येशाल बोंबलत! वही काढलीय ना सिस्टरनी? त्या पायरीच्या पाच नोंदी दाखवा. दुसऱ्या दिवशी गवंडी पाठवतो. पाटलाचा सबुद हाय."

सौदा वाईट नव्हता. मला वाटलं, पाच काय, आठवड्यात पंधरा होतील!

*

महिना गेला, सिस्टरची नोंद सोडली तर वही कोरी. कारण आपल्याकडे माणूस पडतच नाही. विचारून बघा कुणालाही.

"काका, लंगडताय? पडलात का?"

"छे! पडलो नाही, जरा बसलो."

"जिन्यात?"

"हो. दमलो होतो."

एक जण म्हणाले, "पाय घसरला, पण मी नाही पडलो." एक बाई म्हणाल्या, "पिशवी पडली, मी पिशवीबरोबर गेले." स्वतःचं नाव लिहायला कुणी तयार नाही, पण शेजाऱ्याचं लिहायला रांग! तिसऱ्या मजल्यावाल्याने चौथ्या मजल्यावाल्याच्या तीन पडझडी लिहिल्या, तारीखवार. चौथ्या मजल्यावाल्याने ते वाचलं आणि खाली लिहिलं, 'हे सर्व खोटे. लिहिणारा स्वतः बाथरूममध्ये पडला आहे. आवाज वरपर्यंत आला.' सिस्टरनी दोघांची पानं फाडली.

शेवटी मीच एका रविवारी सकाळी मागच्या जिन्यापाशी स्टूल टाकून बसलो. म्हटलं, डोळ्यांनी मोजतो. तर मला बघून प्रत्येक जण असा उतरायला लागला जसा नवरदेव घोड्यावरून! एकच बाई तिसऱ्या पायरीवर लटपटल्या. मी आनंदाने पेन काढलं.

"हे लिहू नका हं," त्या म्हणाल्या. "तुम्ही वाटेत बसलात म्हणून झालं. लिहायचंच असेल तर कारणात तुमचं नाव घाला."

*

आता माझी चूक सांगतो. शेवटी जातीचा दुकानदार! गिऱ्हाईक हलत नसेल तर स्कीम काढायची, एवढंच मला येतं. मी जाहीर केलं की ज्या विंगमध्ये महिन्यात सगळ्यात कमी पडझड, त्या विंगला ढाल! मोठी, पितळी रंगाची, 'शून्य अपघात' लिहिलेली. मला वाटलं, लोक जपून चालतील.

लोक जपून लपवायला लागले! ए विंगमधले एक गृहस्थ भर मे महिन्यात शाल पांघरून फिरताना दिसले. सिस्टरनी शाल ओढली तर आत हाताला प्लास्टर!

"हे काय?"

"संधिवात."

"प्लास्टरमध्ये?"

"सिस्टर, हळू बोला. विंगची इज्जत आहे."

सी विंगमध्ये तर कुणी पडलं की शेजारी आधी दार लावून घेत आणि मग उचलत. तिन्ही विंग शून्यावर! मग टाय कसा सोडवायचा? चिठ्ठ्या टाकल्या, ढाल बी विंगला गेली. पुढचा महिना, परत शून्य, परत चिठ्ठ्या, परत बी विंग. तात्यांनी ढाल घरात टीव्हीवर ठेवली आणि विंगला सांगून टाकलं, "आपल्यात कुणी पडायचं न्हाय. पडलं तर बोलायचं न्हाय."

दादा वही चाळायला आले. पानं उलटली, मनापासून हसले.

"सून्य! बघ शेठ, माझा जिना कसा हाय? मजबूत!"

सिस्टर माझ्याशी आठवडाभर बोलल्या नाहीत. बोलल्या तेव्हा एवढंच म्हणाल्या, "वॉर्डात माणसं निदान कण्हायची तरी. तुम्ही तेही बंद केलंत."

त्या दिवशी मात्र मला गल्ल्यावर बसवेना.

*

गेल्या महिन्यातली गोष्ट. सकाळी अकराचा सुमार, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. तात्या आले. हातात कापडी पिशवी. पिशवीतून ढाल काढून काउंटरवर ठेवली.

"ही ए विंगला द्या. आन ती वही द्या हिकडं."

मी वही दिली. तात्यांनी चष्मा लावला, दोनचार अक्षरं काढली आणि पेन माझ्याकडे सरकवलं. "माजं अक्षर दादाला लागायचं न्हाय. मी सांगतो, तुमी लिवा. नाव माजं. जागा, मागचा जिना, तिसरी पायरी."

लिहिलं.

"आता त्येच्याखाली परत त्येच."

परत लिहिलं. मग परत. तारखा त्यांना तोंडपाठ होत्या. एक सोमवारची, एक संकष्टीची, एक ज्या दिवशी लिफ्ट बंद होती त्या दिवसाची. चौथ्या नोंदीला माझं पेन थांबलं.

"तात्या, तुम्ही एवढ्या वेळा पडलात?"

"म्या? जल्मभर पाठीवर पोती वाह्यली शेठ. ओल्या फळीवरनं ट्रकात चढलोय. एकदा पाय सरकला न्हाय."

"मग हे कोण?"

तात्यांनी रस्त्याकडे बघितलं. मग आवाज उतरवून म्हणाले, "ही पडती."

मी पेन वहीवर आडवं ठेवलं.

"आमची खिडकी जिन्यावरच हाय. मी बगत आसतो. पडली की आधी हिकडंतिकडं बगती, कुणी बगितलं का. मी धावत जातो. तवर उठल्याली आसती, पदर झाडत. मलाच इचारती, 'कुटं निगालासा?' मी म्हनतो, 'हवा खायला.'"

"तुम्हाला सांगत नाही?"

"सांगितलं तर बाजार बंद करीन आसं वाटतंय तिला. डाक्टरचं बोलणं तिनंबी ऐकलंय. रात्री हळद लावती, म्हनती डास चावला." तात्यांनी चष्मा काढून पुसला. "तिचं नाव वहीत नको. चारचौघात जायचं आसतं बाईमानसाला. माजं घाला. लिवा म्होरं."

मी पाचवी नोंद लिहिली आणि पेनाला टोपण लावलं. म्हटलं, "झाल्या पाच, तात्या. दादांना एवढ्याच पाहिजेत. आता बस. उगाच तुमचंच नाव जातंय."

तात्यांनी टोपण काढलं आणि पेन परत माझ्या हातात दिलं.

"सा येळा पडली ती. नाव कुनाचंबी आसंना, आकडा सा. हिशोब खरा ठिवायचा, शेठ."